चाळीस लाखांचं मूल

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार-१९’ या उपचाराचं लोकार्पण झालं. रक्ताच्या कर्करोगावरची, भारतात घडलेली ही पहिली कार-टी उपचारपद्धती. पुढे बरेच दिवस वर्तमानपत्रांतून एकच वाक्य फिरत होतं: अमेरिकेत तीन-चार कोटींना पडणारा उपचार आता आपल्याकडे तीस-चाळीस लाखांत. एकदशांश किंमत. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट होती आणि मलाही तो वाटला.

त्याच उन्हाळ्यात एका व्याख्यानमालेत या अभिमानाला थेट छेद देणारं भाषण ऐकलं. वक्ते अर्थशास्त्राचे ज्येष्ठ अभ्यासक. सार्वजनिक आरोग्यावर मराठीत सातत्यानं लिहिणारी माणसं मोजकीच, त्यांतले ते एक. नाव घेत नाही, कारण भांडण त्यांच्या मताशी आहे, त्यांच्याशी नाही. त्यांनी श्रोत्यांना विचारलं, चाळीस लाखांत एका मुलाच्या पेशी बदलून घ्यायच्या, की तेवढ्याच पैशांत दहा मुलांचा पहिला उपचार शेवटापर्यंत न्यायचा? गरीब देशाला ही चैन परवडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. सभागृहानं जोरात टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत मला मानणारी, माझ्याबरोबर काम करणारी माणसं होती. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी हा उपचार आहे काय, ते नीट समजून घेऊ. आपल्या रक्तातल्या टी-पेशी शरीरात शिरलेल्या परक्याला ओळखून मारतात. कर्करोगाची पेशी मात्र आपल्यातलीच असल्यानं बहुतेक वेळा त्यांच्या नजरेतून सुटते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या झेलिग एशहार यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस असा विचार केला की टी-पेशीला बाहेरून एक नवा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, बसवून दिला, तर ती हवं ते लक्ष्य ओळखू लागेल. पुढे लक्ष्य ठरलं ते सीडी-१९, म्हणजे बी-पेशींच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. लहान मुलांना होणाऱ्या ल्युकेमियाचा सर्वांत मोठा प्रकार याच बी-पेशींच्या घराण्यातला. प्रत्यक्षात घडतं ते असं: मुलाला काही तास एका यंत्राला जोडतात, रक्त एका नळीतून बाहेर जातं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात, उरलेलं रक्त दुसऱ्या नळीतून परत येतं. त्या पेशी प्रयोगशाळेत जातात. तिथे निकामी केलेल्या एका विषाणूच्या मदतीनं त्यांच्यात नवं जनुक घातलं जातं, आणि पुढचे काही दिवस त्यांची संख्या वाढवली जाते. मग गोठवलेली पिशवी परत येते. मुलाला आधी तीनेक दिवस केमो दिली जाते, म्हणजे नव्या पेशींना जागा होते. त्यानंतर पिशवीतलं औषध चढवायला लागतात काही मिनिटं. एवढ्या खटाटोपानंतर जे शिरेतून आत जातं ते मुलाचं स्वतःचंच रक्त असतं, फक्त शिकवून आणलेलं.

लहान मुलांत हे पहिल्यांदा जिच्यावर केलं तिचं नाव जगाला माहीत आहे. एमिली व्हाइटहेड, वय ६, फिलाडेल्फियाचं मुलांचं रुग्णालय, एप्रिल २०१२. तिचा आजार दोनदा उलटला होता. बालकर्करोगतज्ज्ञ स्टीफन ग्रुप यांनी, संशोधक कार्ल जून यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या पेशी तिला दिल्या. काही दिवसांत ताप असा चढला की ती व्हेंटिलेटरवर गेली. तपासण्यांत इंटरल्युकिन-६ हा एक रेणू अफाट वाढलेला दिसला. जून यांच्या मुलीला बालसंधिवात होता, त्यामुळे त्या रेणूला अडवणारं संधिवाताचं एक औषध त्यांना ठाऊक होतं. टोसिलिझुमॅब. ते दिलं आणि मुलगी वाचली. आपल्या सातव्या वाढदिवसाला ती शुद्धीवर आली. अमेरिकेत ३० ऑगस्ट २०१७ रोजी या उपचाराला परवानगी मिळाली आणि त्याच दिवशी किंमतही जाहीर झाली: पावणेपाच लाख डॉलर.

एमिलीची गोष्ट सांगणाऱ्यांनी पुढची गोष्टही सांगायला हवी. ज्या चाचणीवर ती परवानगी मिळाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ७५ मुलं आणि तरुण. तीन महिन्यांत ८१ टक्क्यांच्या शरीरातून आजार दिसेनासा झाला. एका वर्षानंतर आजार न उलटता जगण्याचं प्रमाण ५० टक्के. ज्यांच्यासाठी बाकी सगळे दरवाजे बंद झाले होते, त्यांच्यासाठी निम्मी आशा ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती निम्मीच आहे.

आता आपल्याकडे. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे बालकर्करोगतज्ज्ञ गौरव नरुला एकत्र येऊन हे काम बरीच वर्षं करत होते. एक प्रयोगशाळेतला माणूस, एक वॉर्डातला. ४ जून २०२१ रोजी टाटाच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रातल्या बोन मॅरो विभागात देशातल्या पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. चाचणीसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं १९.१५ कोटी रुपये मंजूर केले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. २०२५ साली ‘लॅन्सेट हीमॅटॉलॉजी’त निष्कर्ष आले: एकूण ६४ रुग्ण, आणि ज्यांचं मूल्यमापन होऊ शकलं त्यांच्यातल्या ७३ टक्क्यांत उपचाराला प्रतिसाद. जगातल्या कुठल्याही चाचणीशेजारी मान ताठ ठेवून मांडावेत असे हे आकडे आहेत.

मात्र २०२३ची ती परवानगी १५ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी होती. जगात या उपचारानं ज्या वयात आपली पहिली ख्याती मिळवली ते वय ६. आणि आपल्या परवान्याचा उंबरठा १५. यात कुणाचा दोष नाही. नव्या उपचाराची चाचणी आधी मोठ्यांवर करावी हीच रीत आहे, आणि मुलांसाठीची वेगळी चाचणी टाटात चालूही होती. पण ‘भारतीय मुलांना आता एकदशांश किमतीत’ हे वाक्य जेव्हा छापलं जात होतं तेव्हा ते खरं नव्हतं, आणि ज्यांच्या घरात पाच वर्षांचं मूल आजारी होतं त्यांनी ते वाचलं होतं. त्यांतले काही माझ्याकडे कात्रण घेऊन आले होते. मी परळ-दादरच्या धर्मशाळांत राहणाऱ्या कुटुंबांना अर्ज लिहून देतो: सिद्धिविनायक न्यास, मुख्यमंत्री सहायता निधी, एखादा खासगी ट्रस्ट. रेशनकार्डाची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचं अंदाजपत्रक, आणि वर एक विनंतीपत्र. ही पत्रं लिहिताना रकमेच्या जागी किती शून्यं शोभतात, याचा एक अंदाज हाताला येतो. तीस लाखांचं पत्र कुणाच्या नावे लिहायचं, हे अजून मला सापडलेलं नाही.

एकदशांश हे माप कशाच्या तुलनेत, हा म्हणूनच पहिला प्रश्न. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होती. तीस लाख म्हणजे त्या मजुरीचे दहा हजारांहून अधिक दिवस. एकही खाडा न करता सत्तावीस वर्षं. आणि किंमत म्हणजे खर्च नव्हे. सीडी-१९ चांगल्या बी-पेशींवरही असतं, त्यामुळे उपचार यशस्वी झाला की त्याही मरतात आणि मुलाचं शरीर प्रतिपिंडं बनवेनासं होतं. मग इम्युनोग्लोब्युलिन बाहेरून द्यावं लागतं, कित्येकदा महिनोन्‌महिने. अतिदक्षता विभाग, टोसिलिझुमॅब, जिवाणू-बुरशीवरची औषधं, मुंबईत राहणं, बापाचा बुडालेला रोजगार. या सगळ्याची गणती त्या जाहीर आकड्यात नाही.

पहिल्या उपचाराकडे वळलं की अर्थतज्ज्ञांचं म्हणणं आणखी बळकट होतं. मुलांचा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ज्याला वॉर्डात सगळे ‘एएलएल’ म्हणतात, तो श्रीमंत देशांत आज दहातल्या साधारण नऊ मुलांचा बरा होतो. त्यासाठी पेशी बदलाव्या लागत नाहीत. जुनी, स्वस्त, पेटंट संपलेली औषधं, ठरलेल्या क्रमानं, अडीच-तीन वर्षं न चुकता द्यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं दरवर्षी जगात सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. संघटनेनं २०१८ साली २०३०पर्यंत किमान ६० टक्के मुलं वाचवण्याचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर कार-टी नव्हतं. वेळेवर निदान, रक्त, प्रतिजैविकं, प्रशिक्षित परिचारिका आणि औषधांचा अखंड पुरवठा होता.

तो अखंड पुरवठा शेवटी एका आईच्या हातात येऊन थांबतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत एका बाईंनी औषधाच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर पिशवीत जपून ठेवलेलं मी पाहिलं. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी ५० मिलिग्रॅमची येते, मुलाचं वजन कमी, म्हणून एक दिवस पूर्ण आणि एक दिवस अर्धी. पूर्ण गोळीच्या तारखेवर टिकली चिकटवलेली, अर्धीच्या तारखेवर पेनानं रेघ. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, त्या वारावर हळदीचं बोट. काउंट उतरले की डॉक्टर डोस बदलतात, मग पुढच्या महिन्याच्या टिकल्या काढून पुन्हा लावायच्या. बाईंना वाचता येत नव्हतं. कॅलेंडर बिनचूक होतं.

या बिनचूकपणाला किती मोल आहे, हे अमेरिकेतल्या स्मिता भाटिया यांनी मोजून दाखवलं. गोळ्यांच्या बाटलीला इलेक्ट्रॉनिक झाकण बसवून, बाटली कधी उघडली याची नोंद त्यांनी ठेवली. ज्या मुलांनी ९५ टक्क्यांहून कमी दिवस गोळी घेतली त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका सुमारे २.७ पट होता. महिन्यात दोन-तीन गोळ्या चुकणं म्हणजे एवढी तफावत. बोस्टनच्या कायरा बोना यांनी आणखी पुढचा प्रश्न विचारला: एकाच नामांकित केंद्रगटात, एकाच चाचणीत, तीच औषधं घेणाऱ्या मुलांत गरिबीनं काही फरक पडतो का? पडतो. ज्यांचा आजार उलटला त्यांत गरीब वस्त्यांतल्या मुलांचा बहुतेकदा लवकर उलटला होता, आणि लवकर उलटलेला आजार आवरणं फार कठीण.

आपल्याकडे तर त्याच्या आधीची पायरी आहे. उपचार अर्धवट सोडून गावी निघून जाणं. टाटा मेमोरियलच्या बालविभागानं २०१०च्या सुमारास ‘इम्पॅक्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. प्रत्येक कुटुंबामागे समाजसेवक, राहण्याची सोय, जेवण, प्रवासाचे पैसे, न आलेल्या मुलाला फोन. त्याआधी साधारण पाचातलं एक मूल उपचार नाकारून किंवा सोडून जात असे. ते प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलं. नवं औषध एकही नाही. मुलं वाचली ती डोक्यावर छप्पर मिळाल्यानं आणि कुणीतरी फोन केल्यानं. एवढं मांडून झाल्यावर कुणीही म्हणेल की अर्थतज्ज्ञ जिंकले.

इथे मला परळच्या एका जुन्या गोष्टीकडे वळलंच पाहिजे, कारण या वादात ती कुणी काढत नाही.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक जीवघेणा रक्तक्षय होत होता आणि त्याचं कारण कळत नव्हतं. परळच्या हाफकिन संस्थेत राहून विल्सनं त्या बायकांचा आहार तपासला, मलमूत्र तपासलं, घरं पाहिली. जंतू सापडला नाही. शेवटी यीस्टचा अर्क, बाजारात ‘मार्माइट’ म्हणून मिळणारा, खायला दिल्यावर त्यांचं रक्त सुधारलं. १९३१ साली तिनं हे प्रसिद्ध केलं. अर्कात काय होतं ते तिला माहीत नव्हतं; जगानं त्याला ‘विल्स घटक’ म्हटलं. पुढे १९४१ मध्ये टनांवारी पालक गाळून शास्त्रज्ञांनी तोच घटक वेगळा केला आणि त्याचं नाव पडलं फॉलिक आम्ल.

आता बोस्टन. सिडनी फार्बर हे मुलांच्या रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ. ल्युकेमियाची मुलं त्यांच्यापर्यंत पोचत ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. फॉलिक आम्लानं रक्त सुधारतं तर ल्युकेमियातही सुधारेल, या आशेनं त्यांनी ते मुलांना दिलं, आणि आजार भडकला. त्या भडकण्यातून त्यांनी उलटा विचार केला: फॉलिक आम्लाला अडवणारं द्रव्य दिलं तर? असं द्रव्य लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार होत होतं, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमहून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. द्रव्याचं नाव ॲमिनॉप्टेरिन. जून १९४८ मध्ये फार्बरनी १६ मुलांची हकिगत छापली. १० मुलांत आजार काही काळ मागे हटला. तोवर बालल्युकेमियात कशानंच काही होत नव्हतं. या ॲमिनॉप्टेरिनचं सख्खं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. दादरच्या बाईंच्या कॅलेंडरात हळदीच्या बोटावर जी गोळी येते ती हीच.

हा सगळा प्रवास नीट पाहा. गिरणगावातल्या बायकांचा अशक्तपणा, हाफकिनची प्रयोगशाळा, बोस्टनचं रुग्णालय, आंध्रचा रसायनशास्त्रज्ञ, आणि पुन्हा परळ, हाफकिनपासून हाकेच्या अंतरावरचं टाटा मेमोरियल. मुलांच्या कर्करोगावरचं विज्ञान हे श्रीमंतांच्या घरी जन्मलं आणि उरलंसुरलं गरिबांना मिळालं, असं नाही. गरीब बायकांची शरीरं त्या विज्ञानाच्या पायात आहेत. १९३१ साली एखाद्या हिशेबी माणसानं असंही विचारलं असतं की चाळीतल्या बाईच्या रक्तातला अनोळखी घटक शोधत बसण्यापेक्षा तेवढ्या पैशांत धान्य का वाटू नये? त्या क्षणी त्याचा हिशेब बरोबर ठरला असता, आणि आज ज्याला आपण ‘पहिला, स्वस्त उपचार’ म्हणतो तो अस्तित्वातच आला नसता. स्वस्त उपचार हे एके काळचं महागडं, वेडगळ वाटणारं संशोधन असतं.

अर्थतज्ज्ञांचा आणि माझा रस्ता इथे वेगळा होतो. मला ज्या विचारवंतानं हा फाटा दाखवला ते पॉल फार्मर. ते डॉक्टर, मानववंशशास्त्रज्ञ, हैतीतल्या कांज गावी दवाखाना उभारणारे, १९८७ साली ‘पार्टनर्स इन हेल्थ’ या संस्थेच्या संस्थापकांतले एक. त्यांची सगळी पुस्तकं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: गरिबांसाठी काय परवडतं, हे ठरवतं कोण?

१९९०च्या दशकाच्या मध्याला पेरूची राजधानी लिमा इथल्या काराबाय्यो वस्तीत फार्मर आणि त्यांचे सहकारी जिम किम यांना क्षयाचे असे रुग्ण सापडले, ज्यांच्यावर नेहमीची औषधं चालतच नव्हती. पेरूचा क्षयकार्यक्रम जगात नावाजलेला, आकडे उत्तम. त्या उत्तम आकड्यांच्या बाहेर ही माणसं होती. त्यांना तीच निष्प्रभ औषधं पुन्हा दिली जात होती, कारण जागतिक धोरण सांगत होतं की प्रतिरोधी क्षयावर उपचार करणं गरीब देशांना परवडत नाही. एका रुग्णाचा खर्च हजारो डॉलर. तेवढ्यात साध्या क्षयाचे कितीतरी रुग्ण बरे होतात. आमच्या अर्थतज्ज्ञांचा प्रश्न हुबेहूब हाच. फार्मर यांनी तो आल्या पावली परत पाठवला. आधी त्यांनी वस्तीतल्या बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी औषधं द्यायला लावली, आणि दीर्घ, किचकट उपचार पूर्ण करणाऱ्यांत ८० टक्क्यांहून अधिक बरे झाले. मग त्यांनी किंमत तपासली. बहुतेक औषधांची पेटंटं केव्हाच संपली होती. ती महाग होती कारण घेणारे विखुरलेले, मागणी तुटपुंजी आणि बनवणारे मोजके. सगळ्यांची मागणी एकत्र केल्यावर काही औषधांच्या किमती ९० टक्क्यांहूनही अधिक उतरल्या. ‘परवडत नाही’ या वाक्यातला मुख्य आकडाच कोसळला. प्रतिरोधी क्षयाचा उपचार आज आपल्या शिवडीच्या रुग्णालयात सरकारी खर्चानं होतो. १९९६च्या हिशेबानं तो होऊ शकत नव्हता.

एचआयव्हीचीही तीच कथा, आणि तिचं केंद्र मुंबईत आहे. २००१ साली सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरना देऊ केला. तोवर त्याची किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या मदत-खात्याचे प्रमुख जाहीरपणे सांगत होते की आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही, तेव्हा ते वेळेवर गोळ्या घेणार नाहीत. टिकल्यांचं कॅलेंडर पाहिलेल्या माणसाला हे वाक्य वाचताना राग येतो. येऊ द्यावा.

फार्मर यांच्या विचारातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. खर्च-परिणामकारकतेच्या गणिताला त्यांचा विरोध नव्हता. त्या गणितात किंमत स्थिर आणि तिजोरी बंद धरली जाते, याला होता. चाळीस लाख हा आकडा निसर्गानं दिलेला नाही. त्यात विषाणूवाहक बनवण्याचा खर्च आहे, निर्जंतुक खोल्यांचा आहे, परदेशातून आणलेल्या रसायनांचा आहे, गुणवत्ता-तपासणीचा आहे, आणि नफाही आहे. यातला प्रत्येक घटक खाली येऊ शकतो. बार्सिलोनाच्या ‘हॉस्पिटल क्लिनिक’नं ते करून दाखवलं. तिथे आरी नावाची मुलगी वयाच्या तेराव्या वर्षी ल्युकेमियानं आजारी पडली आणि १८व्या वर्षी, २०१६ मध्ये गेली. तिच्या आईनं लोकांकडून निधी गोळा करून संशोधन पुढे नेलं. त्या उपचाराचं नाव ‘आरी-०००१’. २०२१ साली स्पेननं परवानगी दिली. पेशी रुग्णालय स्वतः बनवतं आणि किंमत कंपन्यांच्या उपचारांच्या तुलनेत कितीतरी कमी. भारतात जानेवारी २०२५ मध्ये आलेला दुसरा कार-टी उपचार याच स्पॅनिश कामावर उभा आहे.

आपल्याकडेही उदाहरण आहेच. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या रुग्णालयांनी ४० औषधांची खरेदी एकत्र केली आणि ८० टक्क्यांच्या वर पैसे वाचवले. औषधं तीच, बनवणारे तेच. विकत घेणारे एकत्र आले, एवढंच.

आता दहा विरुद्ध एक या प्रश्नाकडे येऊ. तो मांडताना आमचे अर्थतज्ज्ञ गृहीत धरतात की ते एक मूल त्या दहांपेक्षा वेगळं आहे. कुठल्याशा सुखवस्तू घरातलं, नवं काही मागणारं. तसं नसतं. कार-टीची वेळ येते ती आजार उलटल्यावर, म्हणजे ते एक मूल त्या दहांतूनच आलेलं असतं. आणि दहांतलं नेमकं कोणतं उलटतं? काही अंशी जनुकांनी ठरतं. पण भाटिया आणि बोना यांचे आकडे सांगतात की बऱ्याच अंशी चुकलेल्या गोळ्यांनी, लांबलेल्या निदानानं, गरिबीनं ठरतं. आपल्याकडे त्यात निकृष्ट औषधाची भर आहे: ॲस्परॅजिनेज या एएलएलच्या उपचारातल्या कण्याच्या औषधाचे काही स्वस्त ब्रँड पुरेसं कामच करत नाहीत, हे भारतीय डॉक्टरांनीच मोजून दाखवलं आहे. पालकांनी सगळं केलं, तरी इंजेक्शनच पोकळ. अशा मुलाचा आजार उलटल्यावर त्याला सांगायचं की आता तुझा उपचार महाग झाला, तेवढ्यात दहा जणांचं होतं? व्यवस्थेच्या पहिल्या चुकीची शिक्षा ज्यानं भोगली त्यालाच दुसऱ्यांदा रांगेबाहेर काढायचं, हे गणित कितीही नेटकं असलं तरी मला मान्य नाही.

शिवाय इतिहासही दहा आणि एक यांना एकमेकांसमोर उभं करत नाही. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली टाटा मेमोरियलमध्ये भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. तेव्हाही प्रश्न विचारला गेला असणार, की या देशाला हे शोभतं का? त्याच डॉक्टरांनी, त्याच दशकात, अमेरिकेतल्या इयन मॅग्राथ यांच्याबरोबर एएलएलसाठी ‘एमसीपी-८४१’ हा साधा, स्वस्त, भारतीय रुग्णालयांना झेपणारा उपचारक्रम सुरू केला. टाटा, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईच्या अडयारचं केंद्र, तिन्हीकडे तो वापरला गेला. चार वर्षं आजाराविना जगण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खालून ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं. सर्वांत अवघड काम आणि सर्वांत साधं काम एकाच माणसाच्या हातून झालं, यात योगायोग नाही. प्रत्यारोपण करायचं तर रक्तपेढी चोख लागते, जंतुसंसर्ग आटोक्यात ठेवणाऱ्या परिचारिका लागतात, रात्री तीन वाजता ताप आलेल्या मुलाकडे धावणारा निवासी डॉक्टर लागतो. हे सगळं उभं राहिलं की त्याचा फायदा साध्या केमोच्या मुलाला आधी होतो. कार-टीच्या खोलीशेजारच्या वॉर्डातही हेच घडेल, फक्त ती खोली सार्वजनिक रुग्णालयात असली पाहिजे. ती पंचतारांकित रुग्णालयात गेली तर अर्थतज्ज्ञांची सगळी भीती खरी ठरेल.

म्हणून वाद किमतीचा नाही, मालकीचा आहे. या उपचाराच्या चाचणीसाठी १९.१५ कोटी सरकारी रुपये मंजूर झाले, आयआयटी सरकारची, टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाचं. पहिले धोके पत्करणारे रुग्ण बहुतांशी सार्वजनिक रुग्णालयाच्या ओपीडीतून आलेले. त्याबदल्यात समाजाला काय मिळायला हवं? राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेची सर्वसाधारण मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख. तिच्यात हा उपचार बसत नाही, आणि मर्यादा नुसती वाढवली तर सरकारचा पैसा जाहीर किमतीनं बाहेर जाईल. त्याऐवजी केंद्रानं आणि राज्यानं वर्षाला ठरावीक मुलांची मागणी एकत्र नोंदवावी, ग्रिडनं औषधांसाठी केली तशी, आणि सार्वजनिक रुग्णालयांना पेशी उत्पादनखर्चाला धरून मिळाव्यात. करार करताना तो उत्पादनखर्च उघड करायला लावावा. १५ वर्षांखालच्या मुलांच्या चाचण्यांना सरकारनं स्वतः पैसा द्यावा, कारण बाजाराच्या दृष्टीनं मुलं नेहमीच थोडी असतात. इम्युनोग्लोब्युलिन आणि पहिल्या वर्षाचा मुंबईतला मुक्काम याच खर्चात धरावा. आणि ॲस्परॅजिनेजच्या प्रत्येक खेपेची क्रियाशीलता रुग्णालयात पोचण्याआधी तपासली जावी, म्हणजे पुढे कार-टी लागणारी मुलंच कमी होतील.

यातल्या कुठल्याही मागणीचा हिशेब मला नीट मांडता येणार नाही. उत्पादनखर्च किती, वर्षाला किती मुलं, एकत्रित मागणीनं किंमत कुठवर उतरेल, हे मांडायला आकड्यांत मुरलेला माणूस लागतो. व्याख्यानमालेच्या त्या मंचावर असा माणूस बसला होता. दहा की एक, हे श्रोत्यांना विचारण्याऐवजी चाळीस लाखांत काय काय आहे, हे त्यांनी कंपनीला आणि सरकारला विचारावं. त्या प्रश्नाला मी त्यांच्यामागे उभा राहीन.